नॅकची समिती आणि ३१ मार्चची ठेव

पोस्ट लांबली आहे, सवडीने वाचा.

परवा समाजाच्या स्नेहसंमेलनात एका ट्रस्टींनी अभिमानाने जाहीर केलं, "आपल्या एमबीए इन्स्टिट्यूटच्या जागा आता १८० होणार, आणि पुढचं लक्ष्य नॅकचं ए प्लस प्लस." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या वहिनींनी विचारलंच, "काय भाऊजी, आनंद नाही झाला?" तिथे बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून उत्तर इथे लिहितो. संस्थेचं नाव लिहीत नाही, गावही सांगत नाही. माळव्यातलं आहे एवढं पुरे. कारण दोष एकट्या तिचा नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीचा आहे. त्यात मीही आलोच.

आधी बँकेची गोष्ट. आमच्या काळी ३१ मार्च जवळ आला की मॅनेजर मोठ्या खातेदारांना फोन लावायचे, "शेठजी, दोन दिवस पैसे राहू द्या खात्यात." ३१ तारखेला ठेवींचं टार्गेट पूर्ण, आणि एप्रिल उजाडला की पैसे परत. याला आम्ही विंडो ड्रेसिंग म्हणायचो. शाखेला माहीत, हेड ऑफिसलाही माहीत. शाबासकीचं पत्र मात्र सगळ्यांना हवं असायचं.

रिटायर झाल्यावर ट्रस्टने मला खजिनदार केलं. "तुम्ही बँकेतले, हिशेब तुम्हीच बघा." तेव्हा एमबीएची ६० जणांची एकच तुकडी होती. डायरेक्टर बाहेरून आलेले, मितभाषी गृहस्थ. विद्यार्थ्यांना नावाने ओळखायचे. सुट्टीत कोण कुठल्या कारखान्यात शिकायला गेला आहे, हे त्यांच्या वहीत असायचं. दुसऱ्या तुकडीचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "तीन वर्षं द्या. आधी शिक्षक मिळवू, मग जागा मागू. जागा एका पत्राने वाढतात, शिक्षक वाढत नाहीत."

त्यांना खोडून काढणारा कागद मी मांडला, हे आज कबूल करतो. इमारतीच्या कर्जाचे हप्ते एका बाजूला, आणखी ६० जणांची फी दुसऱ्या बाजूला. आकडे अगदी चोख बसले. एआयसीटीईच्या हल्लीच्या प्रमाणाने एमबीएला २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. म्हणजे १२० जागा, दोन वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी आणि १२ शिक्षक. माझ्या कागदावर हप्ता होता, फी होती. बारा शिक्षक कुठून येणार, हा रकाना नव्हताच. आणि सगळ्यांनी हात वर केले.

मग नॅकची तयारी सुरू झाली. फाइली तयार करून देणारे एक सल्लागार आले. समिती येण्याच्या आठवड्यात आमच्याच कॉमर्स कॉलेजातली माणसं एमबीएच्या टेबलांवर बसली, दारांवर नव्या पाट्या लागल्या. वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये मागच्या तारखांच्या सह्या झाल्या, पेन मात्र सगळीकडे एकच. डायरेक्टरांनी स्वमूल्यमापनाच्या अहवालावर सही करायला नकार दिला आणि दिवाळीपूर्वी "वैयक्तिक कारणास्तव" राजीनामा दिला. तो मंजूर करण्याच्या ठरावाला अनुमोदन माझं होतं. अहो, सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या ताळेबंदातली लबाडी पकडणारा माणूस मी, आणि समोर ३१ मार्च साजरा होत असताना चहा पीत बसलो! ग्रेड चांगली आली. पेढे वाटले, त्यातला एक मीही खाल्ला.

त्यानंतरच्या तुकडीत आमच्या गल्लीतला एक मुलगा होता. शैक्षणिक कर्ज चार लाखांच्या आतलं, त्यामुळे तारण लागलं नाही, पण वडील सहकर्जदार. दोन वर्षांनी त्याला 'प्लेसमेंट' मिळाली ती विम्याच्या पॉलिस्या विकण्याची. मूळ पगार नावाला, बाकी कमिशन. हप्ते वडिलांच्या पेन्शनमधून जाऊ लागले. एक दिवस ते जिन्यात भेटले आणि एवढंच म्हणाले, "ग्रेड तर चांगली होती ना हो?"

आता कोणी म्हणेल, मग ही मूल्यांकनं हवीतच कशाला, सगळा कागदी खेळ आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने नॅकच्याच एका पाहणी समितीच्या सदस्यांना लाचेच्या आरोपाखाली अटक केली, हेही हे लोक पुढे करतील. मला हे मान्य नाही. १९९१ च्या नरसिंहम समितीच्या अहवालापर्यंत आम्ही बँकवाले बुडीत कर्जावरचं न आलेलं व्याजही उत्पन्न म्हणून दाखवायचो. १९९२-९३ पासून नवे नियम लागू झाले आणि भल्याभल्या बँकांचे नफे तोट्यात गेले. आम्ही तेव्हा रिझर्व्ह बँकेला खूप शिव्या दिल्या. पण खरा आकडा लिहायची सवय त्यामुळेच लागली. तपासणारा शत्रू नसतो. त्याला खोटं दाखवणारा खरा शत्रू, आणि तो संस्थेच्या आत बसलेला असतो.

दुसरा पक्ष म्हणतो, ग्रेड नसेल तर मुलं पुण्याला जातील, आपण मागे पडू. त्यांनी अहमदाबादकडे पाहावं. तिथलं आयआयएम १९६१ सालचं. युरोपचा इक्विस हा शिक्का त्याला मिळाला २००८ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी. तोपर्यंत काय त्याला कोणी ओळखत नव्हतं? रवी मथाई १९६५ मध्ये तिथले पहिले पूर्णवेळ संचालक झाले. वय चाळिशीच्या आत. त्यांनी शैक्षणिक निर्णय शिक्षकांच्या हाती दिले आणि १९७२ मध्ये स्वतःहून खुर्ची सोडून तिथेच प्राध्यापक म्हणून राहिले. खुर्ची सोडूनही त्याच आवारात मानाने शिकवता येतं, असं घर त्यांनी उभं केलं. आपण मात्र "थांबा" म्हणणाऱ्या डायरेक्टरला दिवाळीपर्यंतही टिकू दिलं नाही.

"मग पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या-माझ्याकडे आहे. आपल्या दात्यांना खोली बांधून द्यायला आवडतं, कारण खोलीवर संगमरवरी पाटी लागते. प्राध्यापकाच्या पगारावर पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी दमडी देत नाही. मग पगार निघतो फीमधून, फी येते जागांमधून, आणि जागा भरल्या की शिकवायला माणूस नसतो. हे चक्र एआयसीटीईने सुरू केलेलं नाही, नॅकनेही नाही. ते आपल्या पाट्यांच्या हौसेने सुरू केलं.

माझ्या मागण्या सरळ आहेत. पूर्णवेळ शिक्षक किती, आणि वर्षभरात किती सोडून गेले, हे दरवर्षी फलकावर लावा. नोकरी लागलेल्यांचा सर्वांत मोठा पगार छापू नका. सगळ्यांना ओळीने उभं केलं तर मधल्या विद्यार्थ्याला किती मिळतो ते छापा, आणि रिकाम्या हाताने गेलेले किती तेही. फीच्या रुपयातले किती पैसे शिकवण्यावर खर्च झाले ते सांगा. आणि डायरेक्टरची लेखी संमती असल्याशिवाय एकही जागा वाढवू नका. बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्या माणसाला नंतर त्याचा जाब द्यावा लागतो. इथे जागा वाढवतात ट्रस्टी, आणि जाब देतो मुलाचा बाप.

आपल्या आजोबा-पणजोबांनी चार-चार आण्यांच्या वर्गण्यांवर इथे मराठी शाळा चालवल्या. त्या शाळांना कुठलीच ग्रेड नव्हती. पण मास्तर वर्गात असायचे.

तर वहिनी, टाळ्या न वाजवण्याचं कारण हे. नव्या सभागृहासाठी मी कबूल केलेले एक लाख रुपये सध्या एफडीत ठेवले आहेत. ट्रस्टला तसं पत्रही दिलं आहे. सभागृहासाठी ते मिळणार नाहीत. एका शिक्षकाच्या पगारासाठी मागाल, तर उद्या सकाळी दहा वाजता चेक घेऊन दारात हजर आहे. पाटी नको.