शेअरचाही सातबारा वाचा!

पनवेलकरांना सातबारा वाचायला शिकवावं लागत नाही. विमानतळ, नैना, महामार्ग यांच्या व्यवहारांत अख्खा तालुका तयार झालाय. नुसतं नाव बघून इथं कुणी इसार देत नाही. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? इतर हक्कात बोजा आहे का? हे आधी बघतो.

मग शेअर घेतानाच आपण एवढे भोळे का होतो? "मालकाकडेच एवढे टक्के आहेत, डोळे झाकून घ्या," असा मेसेज ग्रुपवर येतो आणि मोबदल्याचे, फंडाचे पैसे त्यात जातात. अहो, पण ते शेअर कुठल्या वर्गाचे, हे बघितलं का?

शेअरलाही वर्ग असतात. आपल्या टाटा मोटर्सचंच घ्या. जग्वार-लँड रोव्हर घेतल्यावर २००८ मध्ये कंपनीने दोन प्रकारचे शेअर काढले. साधा ३४० रुपयांना, 'ए' वर्गाचा ३०५ ला. 'ए'वाल्याला लाभांशाचा दर ५ टक्क्यांनी जास्त, पण १० शेअरमागे मत एकच! २०२४ मध्ये हा वर्गच रद्द झाला आणि १० 'ए' शेअरमागे ७ साधे शेअर मिळाले. म्हणजे १०० 'ए' शेअरवाल्याकडे आधी १० मतं होती, नंतर ७० झाली.

मताने काय होतं, असं विचाराल. याच कंपनीत जुलै २०१४ मध्ये बड्या अधिकाऱ्यांच्या पगाराचे ठराव पडले होते. तीन चतुर्थांश मतं लागत होती, मिळाली नाहीत.

उलटंही असतं. आपण जे फेसबुक वापरतो, त्या मेटा कंपनीत झुकरबर्गच्या 'बी' वर्गाच्या एका शेअरला १० मतं आहेत. हिस्सा साधारण १३-१४ टक्के, पण मतं निम्म्याहून जास्त. आपल्याकडेही सेबीने २०१९ पासून तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांना जादा मतांचे शेअर ठेवायची मुभा दिली आहे. तिथेही एका शेअरला जास्तीत जास्त १० मतं.

तेव्हा टक्केवारी ऐकून भुलू नका. तीन गोष्टी बघा. एक, वर्ग आणि मतं. दोन, गहाण शेअर, म्हणजे आपला बोजा. या दोन्हींचे रकाने शेअरधारणेच्या तक्त्यात असतात. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत तो शेअर बाजाराच्या वेबसाइटवर येतो, फुकट. तीन, साहेबांचे 'ईसॉप'. त्यांचा तपशील वार्षिक अहवालात असतो. ईसॉप म्हणजे हातातले शेअर नव्हेत, पुढे ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क. साडेबारा टक्क्यांत पात्र ठरणं वेगळं आणि भूखंड ताब्यात येणं वेगळं, हे पनवेलकरांना कुणी सांगायला नको!

आता सरकार आणि सेबीला एकच सांगणं. महाराष्ट्रातल्या कंपनीला आर्थिक निकालाची जाहिरात मराठी दैनिकात द्यावी लागते. मग मालक आणि साहेबांच्या शेअरचा वर्ग, मतं आणि बोजा या तीन ओळी त्याच जाहिरातीत मराठीत का नकोत? पैसा मराठी माणसाचा चालतो, तर माहितीही त्याच्या भाषेत द्या की.

तोवर आपणच शहाणं व्हायचं. जमीन घेताना तलाठ्याकडे चार खेपा घालतो, शेअर घेताना निदान चार रकाने तरी वाचूया.