मास्क: दंडासाठी की माणसासाठी?

मास्कने खरंच काही होतं का, असं लोक अजूनही विचारतात. नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. 2009 साली स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्यात अनेकांनी तोंडाला रुमाल बांधले. रुमालाने खोकल्याचे मोठे तुषार अडतात, हवेत तरंगणारे बारीक कण फारसे नाहीत. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 मात्र असे किमान 95 टक्के कण गाळतो. हनुवटीवर लटकवलेला कुठलाच मास्क उपयोगाचा नाही!

2022 च्या गुढीपाडव्याला राज्यातली सक्ती उठली. दंड गेला, खोकला थोडाच गेला? केडगावहून नगरला जाताना गर्दीत शेजारी एखादं म्हातारं माणूस असेल, तर खोकणाऱ्याने आपणहून मास्क लावावा. एवढी माणुसकी पुरे. पटतंय ना?