कोल्हापुरातील अडीच दिवस

सुट्टीवरून परत आलेल्या मनुष्यास "काय काय पाहिले?" हा प्रश्न हटकून विचारला जातो. ज्याची यादी लांब, त्याची सहल मोठी, असा बहुतेकांचा समज असतो. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही अडीच दिवसांकरिता कोल्हापुरास जाऊन आलो. कोल्हापूर हे आमचे आवडते शहर. पूर्वी तीनचार वेळा तेथे जाणे झाले, आणि प्रत्येक वेळी खिशात स्थळांची यादी होती. या खेपेस ती मुद्दाम घरी ठेविली. त्यामुळे पाहणे थोडे झाले. परंतु जे पाहिले ते मनात राहिले, व त्यातून एक विचार सुचला. तो आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिल्या दिवशी पहाटे पंचगंगेच्या घाटावर गेलो. थंडीचे दिवस असल्याने पाण्यावर धुके होते, आणि नदी इतकी शांत वाहत होती की हीच नदी पावसाळ्यात शहरात शिरते हे कोणास सांगूनही पटू नये. तथापि २०१९ च्या ऑगस्टात व पुन्हा २०२१ च्या जुलैत तिने कोल्हापुरास व आसपासच्या गावांस काय दाखविले, ते तेथील लोक अद्याप विसरलेले नाहीत. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर गेले म्हणजे इशारा, आणि ४३ फुटांवर गेले म्हणजे धोका, हे आकडे तेथे शाळकरी मुलांसही पाठ असतात. नदीस तिची जागा न ठेविता घरे बांधीत गेल्यास ती आपली जागा परत मागते, हा धडा केवळ कोल्हापूरकरांनीच घ्यावा असे नाही.

तेथून अंबाबाईच्या देवळात गेलो. वर्षातून दोन वेळा, नोव्हेंबरात व जानेवारीच्या अखेरीस, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. आम्ही गेलो तेव्हा तो काळ नव्हता. तरी त्या काळ्या दगडी खांबांमधून चालताना, शेकडो वर्षांपूर्वी सूर्याची वाट मोजून दगड रचणाऱ्या कारागिरांविषयी आदर वाटल्यावाचून राहिला नाही. दुपारचे भोजन तांबड्या व पांढऱ्या रश्शाचे झाले. त्यांतील तांबड्याने डोळ्यांत पाणी आणिले, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खासबाग मैदान पाहिले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक. कोठेही बसा, कुस्ती सारखीच दिसते. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. ही दोन्ही कामे राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीतील. मल्लास व गवयास एकाच राजाने शेजारीशेजारी जागा द्यावी, यात त्या शहराचा सारा स्वभाव आला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत सापडले. केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. ती हकिगत सांगताना आमच्या यजमानांचा कंठ दाटून आला. घरातील वडीलधारे माणूस गेल्यावर मनुष्य जसा बोलतो, तसे ते बोलत होते.

परंतु ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास बसलो, ती त्याच दिवशी सायंकाळी दसरा चौकात घडली. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे, आणि आसपास निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांकरिता निघालेल्या वसतिगृहांच्या इमारती आहेत. आम्ही पुतळ्याजवळ उभे होतो. शेजारी एक कुटुंब मोबाईलवर छायाचित्रे घेत होते. त्यांतील आठदहा वर्षांच्या मुलाने एका इमारतीकडे बोट दाखवून विचारिले, "बाबा, ते काय आहे?" वडील म्हणाले, "काही नाही रे, बोर्डिंग आहे. चल, उशीर होतोय, अजून राजवाडा राहिलाय." आणि ती मंडळी निघून गेली.

त्या "काही नाही"ने आम्ही अस्वस्थ झालो. ज्यास ते गृहस्थ काही नाही म्हणाले, तेच आमच्या मते कोल्हापुरातील सर्वांत मोठे प्रेक्षणीय स्थळ होय. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले, तेव्हा खेड्यातील हुशार मुलापुढे अडचण केवळ शाळेची नव्हती. शहरात शाळा होती. पण रात्री निजावे कोठे, आणि दोन वेळां जेवावे कोणाकडे? जातीमुळे ज्यास कोणी ओसरीवरही घेत नसे, त्यास तर शाळेचे दार उघडे असून बंदच होते. महाराजांनी हे ओळखिले. १९०१ साली मराठा व जैन विद्यार्थ्यांची, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांची, व १९०८ साली अस्पृश्य मानिल्या गेलेल्या मुलांकरिता मिस क्लार्क यांच्या नावाचे, अशी एकामागून एक वसतिगृहे त्यांच्या उत्तेजनाने निघाली. पुढे १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळी रुपया ही लहान रक्कम नव्हती.

जातवार वसतिगृहे काढल्याने जातिभेद उलट दृढ होणार नाही काय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु महाराजांनी आधी सर्वांकरिता एकच वसतिगृह चालवून पाहिले होते, आणि त्यात मागासलेल्या समाजांतील मुले येऊ शकली नाहीत. उपाशी मनुष्यास आधी भाकरी द्यावी लागते. शिवाय या बीजाचे फळही पाहावे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून गेलेल्या एका विद्यार्थ्याने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढिले की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवीत. त्या वसतिगृहास पुढे शाहू महाराजांचेच नाव मिळाले. तो विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. वेगळ्या घरातून निघालेल्या मुलानेच सर्वांचे घर उभारिले, यापरते उत्तर ते कोणते?

या विषयी आम्हांस इतके का वाटावे, हेही सांगितले पाहिजे. आम्ही स्वतः दहाव्या वर्षी परगावच्या एका वसतिगृहात राहावयास गेलो. वडिलांनी पत्र्याची पेटी खाली ठेविली, अधीक्षकांस नमस्कार केला, आणि मागे न पाहता फाटकाबाहेर गेले. मागे पाहिले असते तर त्यांना जाववले नसते, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. तेथील आमटी पातळ असे व अंथरुण कठीण असे. पण ते छप्पर नसते तर आज हे चार शब्द लिहिण्याची योग्यता आमच्या अंगी आली नसती.

शेवटच्या सकाळी रंकाळ्यावर फेरी मारिली. सांडपाण्याने व जलपर्णीने या तलावाचे कसे हाल झाले, ते पूर्वी आम्ही पाहिले आहे. आवडत्या शहराचे दोष झाकणे हे काही प्रेम नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी परक्यांच्या मुलांची काळजी वाहिली, त्यांना आपल्या तलावाची काळजी वाहणे अवघड जाऊ नये.

पालकांस आमची विनंती आहे, की मुलांस घेऊन कोठेही जा, पण यादी निम्मी करा. आणि मुलाने बोट दाखवून विचारिले तर उशीर होत असला तरी थांबा. ठाऊक नसेल तर दोघे मिळून तेथील कोणास विचारा. विद्यार्थ्यांस सांगावयाचे ते याहून थोडे आहे. आपल्या शाळेच्या वसतिगृहातही दूरदूरच्या गावांची मुले राहतात. ती तुमच्याच बाकावर बसतात, आणि रविवारी दुपारी मैदानाच्या कडेला बसून वेळ घालवितात. त्यांपैकी एकास येत्या रविवारी आपल्या घरी जेवावयास न्या. कोल्हापूर पाहण्याची तयारी तेवढ्यानेही होईल.