हौसेचे मोल आणि भुकेचा भाव

‘हौसेला मोल नसते’ असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. भुकेला मात्र मोल असते, आणि थीम पार्कच्या फाटकाआड ते चांगलेच चढे असते. सुट्टीत मुलांना घेऊन गेलेले मध्यमवर्गीय कुटुंब दुपारी एकच्या सुमारास उपाहारगृहातील दरफलकासमोर उभे राहते. वडील मनातल्या मनात बेरीज करतात; आई हळूच म्हणते, “मला फारशी भूक नाही.” हे अन्न त्या किमतीचे असते काय, हा प्रश्न त्या क्षणी केवळ चवीचा राहत नाही.

निव्वळ चवीच्या कसोटीवर याचे उत्तर बहुधा नकारार्थी येते. फाटकाबाहेर मिळणारे तेच पदार्थ आत अधिक दराने विकले जातात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! तथापि, व्यवस्थापनाची बाजूही समजून घ्यावयास हवी. गर्दी सुट्टीच्या दिवसांत आणि जेवणाच्या दोन तासांत एकवटते. स्वयंपाकघर, सेवकवर्ग व स्वच्छता यांचा खर्च मात्र वर्षभर चालू राहतो. ग्राहक ताटातील अन्नाबरोबरच सावली, आसन आणि वाचलेला वेळ यांचेही पैसे मोजत असतो.

या व्यवसायात प्रवेशमूल्य आणि आतील दर यांचा हिशेब एकत्रच मांडला जातो. अमेरिकेतील डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हा प्रवेशाचे आणि खेळांचे पैसे वेगवेगळे घेतले जात. प्रवेश स्वस्त ठेवून आतील दर चढे ठेवावेत की याच्या उलट करावे, या पेचाचा अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर ओई यांनी १९७१ मध्ये एका प्रसिद्ध लेखात ऊहापोह केला. तात्पर्य असे की, तिकीट हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो.

चढा दर ही एक गोष्ट आणि पर्याय नसणे ही दुसरी. २०१९ च्या जानेवारीत शांघायच्या डिस्नीलँडमध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीला स्वतःचा खाऊ आत नेण्यास मज्जाव करण्यात आला. खाऊची किंमत किरकोळ होती; तरीही तिने न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन तिला ५० युआन मिळाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काही अपवाद वगळता स्वतःपुरते खाद्यपदार्थ आत नेण्याची सर्वांनाच मुभा मिळाली. अमेरिकेतील डिस्नीलँडमध्येही अशी मुभा आहे. डबा आत आला म्हणून उपाहारगृहे ओस पडत नाहीत, हेच यावरून दिसते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांबाबत निर्णय देताना बाहेरील खाद्यपदार्थांवर निर्बंध घालण्याचा मालकांचा अधिकार मान्य केला. त्याचबरोबर पिण्याचे पाणी विनामूल्य मिळावे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांना अन्न आणता यावे, असेही स्पष्ट केले. हा निर्णय चित्रपटगृहांपुरता असला, तरी त्यामागील विवेक व्यापक आहे. शिवाय चित्रपट तीन तासांत संपतो. उद्यानात संपूर्ण दिवस जातो.

म्हणून थीम पार्कांनी आपले दर अवश्य ठरवावेत. परंतु ते तिकीट घेण्यापूर्वीच ग्राहकांसमोर मांडावेत आणि घरचा डबा उघडण्यासाठी एखादा कोपरा मोकळा ठेवावा. कर्ज घेताना व्याजदराबरोबर प्रक्रिया शुल्कही विचारणाऱ्या ग्राहकाने सहलीचा खर्च आखताना हीच दक्षता बाळगावी. जेवणाची रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरली, तर दरफलक पाहून धक्का बसत नाही.

जाणूनबुजून, स्वखुशीने मोजलेली किंमत महाग असली तरी बोचत नाही. दार बंद करून वसूल केलेली किंमत मात्र, पदार्थ कितीही रुचकर असला तरी, घशाखाली उतरत नाही. सहलीच्या दिवशी कोणत्याही आईवर भूक नसल्याचे सांगण्याची वेळ येऊ नये, एवढी अपेक्षा निश्चितच अवाजवी नाही.