पगार घेतला म्हणून

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधला स्वीडन-डेन्मार्क उपान्त्य सामना. ऑफसाइड ठरू नये म्हणून गुन्नर नॉर्डाल हा धिप्पाड गडी चक्क गोलच्या जाळ्यात शिरला आणि सहकाऱ्याने डोक्याने मारलेला चेंडू त्याने तिथेच झेलला! गोल मान्य झाला. पुढे सुवर्णपदकही मिळाले. विजयी संघात नॉर्डालांच्या घरचे तिघे भाऊ होते.

गुन्नर नोकरीने अग्निशामक दलातला. देशासाठी ३३ सामन्यांत ४३ गोल. जानेवारी १९४९ मध्ये तो इटलीत मिलानकडे पगारी खेळाडू म्हणून गेला आणि स्वीडनच्या संघाचे दार बंद झाले. पैसे घेणाऱ्याला तिथे जागा नव्हती.

माझी हयात बँकेत नियमांची पुस्तके चाळण्यात गेली. म्हणून सांगतो, हा नियम करणाऱ्यांची चूल खेळावर पेटत नसणार. आगीत उडी घेणाऱ्याने पगार घेतला, की तो बाटला!

इटलीच्या लीगमध्ये पाच हंगाम सर्वाधिक गोल त्याचेच. १९५० चा विश्वचषक त्याच्याविनाच झाला. १९५८ मध्ये स्वीडननेच यजमानपद घेतले, तोवर नियम सैल झाला होता. मिलानमधले त्याचे जोडीदार ग्रेन आणि लिडहोल्म अंतिम सामना खेळले. नॉर्डाल छत्तीस वर्षांचा होता. संघात त्याचे नाव नव्हते.