राउटरमधला लाल दिवा: तुमच्या पॅकेटला प्राधान्य कोण देतं?

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कॉलवर माझा आवाज रोबोटसारखा तुटायला लागला. शेजारच्या खोलीत रूममेट ट्रेकचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता. मी राउटरमध्ये शिरलो, क्यूओएस सुरू केलं आणि माझ्या लॅपटॉपला 'हाय' प्रायॉरिटी दिली. फरक शून्य!

चूक माझीच होती. राउटरमध्ये अपलोड स्पीड १०० एमबीपीएस भरलेला, प्रत्यक्षात मिळत होता ४०. त्यामुळे राउटरला गर्दी झालीय हेच कळत नव्हतं. तो सगळी पॅकेट्स पुढे ढकलत होता आणि रांग लागत होती फायबरच्या डब्यात, जिथे माझ्या 'हाय'ला कुणी विचारत नाही. स्पीड टेस्ट करून आकडा ३५ केला. आता रांग माझ्याच राउटरमध्ये लागते आणि कॉलची पॅकेट्स आधी सुटतात. व्हिडिओ थोडे हळू चढतात, एवढंच. तुमच्या राउटरमध्ये सोय असेल तर हे आजच करून बघा.

पण घराबाहेर पडल्यावर काय? प्रत्येक पॅकेटच्या हेडरमध्ये सहा बिट्सची एक जागा असते, तिला डीएससीपी म्हणतात. त्यात ० ते ६३ पैकी एक आकडा बसतो. ० म्हणजे साधं पॅकेट, ४६ म्हणजे 'मला उशीर चालत नाही'. कॉलिंगची ॲप्स हा ४६ वापरू शकतात. (गंमत म्हणजे बऱ्याच वायफाय राउटरमध्ये ४६वालं पॅकेट आवाजाच्या नाही, व्हिडिओच्या रांगेत जातं. जुन्या आणि नव्या नियमांचा घोळ, दुसरं काय!)

हा आकडा म्हणजे फक्त विनंती आहे. उद्या प्रत्येक ॲपने ४६ लावला तर? २०१७ आधी गाड्यांवरच्या लाल दिव्यांचं जे झालं होतं, तेच. म्हणून इंटरनेट कंपन्या बहुतेक वेळा ग्राहकाकडून आलेला आकडा पुसून ० करतात. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण मग पुढचा दिवा कुणाला द्यायचा, हे कंपनीच्या हातात जातं. खरा वाद इथे आहे.

भारतात यावर नियम आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेबसाइट किंवा ॲप बघून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटी मान्य करून लायसन्सच्या अटींमध्ये घातली. मजकूर बघून कुणाला अडवायचं नाही, हळू करायचं नाही आणि कुणाला झुकतं मापही द्यायचं नाही. गर्दीच्या वेळी वाजवी व्यवस्थापन चालतं. पण 'विशेष सेवा' या अटींच्या बाहेर ठेवल्यात आणि ५जीमुळे ही फट मोठी दिसायला लागलीय. ५जीमध्ये एकाच नेटवर्कचे आभासी तुकडे पाडता येतात, त्याला स्लायसिंग म्हणतात. कारखान्यातल्या रोबोटला वेगळा तुकडा दिला तर माझी काही हरकत नाही. पण एखाद्या ठरावीक गेमला तसा तुकडा विकला, तर तो विशेष सेवा की मागच्या दाराने दिलेलं झुकतं माप?

अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने तिथले नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द केले. त्याच महिन्यात कॉमकास्टने एलफोरएस नावाचं तंत्र ग्राहकांसाठी आणायला सुरुवात केली. ॲपल, मेटा, एनव्हिडिया आणि व्हॉल्व्ह सुरुवातीलाच सोबत होते, पण खूण कुठल्याही ॲपला लावता येते. खूण लावणाऱ्याला जास्त स्पीड मिळत नाही. त्याने फक्त रांग साचू द्यायची नाही, गर्दीचा इशारा मिळताच वेग कमी करायचा. त्यामुळे उगाच खूण लावण्यात फारसा फायदा उरत नाही. मला हा मार्ग लाल दिवा विकण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

त्यामुळे उद्या एखाद्या प्लॅनमध्ये 'गेमिंगसाठी खास ५जी' दिसलं तर मी एकच गोष्ट तपासणार: तो वेग मी निवडलेल्या कुठल्याही गेमला मिळतो, की कंपनीने निवडलेल्या चारच गेम्सना?