उंदरावर चाललं, म्हणून आजोबांवर चालेल?

"वनस्पतीच्या अर्काने प्रोस्टेटचा कॅन्सर बरा!" ही बातमी दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने उगवते. खाली बारीक अक्षरात 'उंदरांवर' लिहिलेलं असतं. आमच्या शिवऱ्याला पोचेपर्यंत ते बारीक अक्षर गळून पडतं, आणि भोर-वेल्ह्यातले कोणीतरी आजोबा बायोप्सीचा कागद बाजूला ठेवून काढा उकळायला लागतात.

मंडळी, हा उंदीर साधासुधा नाही. १९९५ साली ह्यूस्टनमध्ये विषाणूचा जीन बसवून तो असा घडवला, की नराला काही महिन्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर व्हायलाच हवा. २००१ साली अमेरिकेत त्याला ग्रीन टीचा अर्क पाजला, माणसाच्या हिशोबाने दिवसाला सहा कप. गाठी खूपच मंदावल्या. झकास प्रयोग! पण २०१५ साली, कॅन्सरचा धोका दिसत असलेल्या ९७ पुरुषांवर तोच अर्क वर्षभर तपासला, तेव्हा खोट्या गोळीच्या तुलनेत कॅन्सर होण्यात ठोस फरक दिसला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट पास, प्रॉडक्शनला बोंब.

"पण आमचे अमुकतमुक काढ्यावर दहा वर्षं ठणठणीत आहेत!" असतीलही हो. सुरुवातीचा प्रोस्टेट कॅन्सर बहुतेकदा गोगलगाईच्या चालीने जातो. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांचे तीन गट केले: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती डॉक्टरांची नजर. पंधरा वर्षांचा निकाल २०२३ साली आला. या कॅन्सरने एकूण ४५ जण गेले, म्हणजे २.७ टक्के, आणि गटागटात खास फरक नाही. अशा आजारात काढा घ्या, नाहीतर रोज मिसळ हाणा, श्रेय त्यालाच मिळणार! तुलनेला दुसरा गट नसेल तर अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. आणि हो, नजरेच्या गटात आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून तपासण्या सोडून नुसतं काढ्यावर बसणं हा जुगार आहे.

"निदान साईड इफेक्ट तरी नाही ना?" पीसी-स्पेस नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण अमेरिकेत प्रोस्टेटसाठी धो धो खपायचं. २००२ साली ते बाजारातून काढावं लागलं. आत रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि कृत्रिम हार्मोन सापडलं होतं.

आता "झाडपाला म्हणजे थोतांड" म्हणणाऱ्यांनी फार खूश होऊ नये. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवर २००४ पासून वापरात असलेलं डोसेटॅक्सेल यू झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासून बनतं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात १९७२ साली कॅम्प्टोथेसिन सापडलं. ते सुरुवातीच्या रूपात माणसांना दिलं तेव्हा मूत्राशयाची वाट लागली, चाचण्या थांबल्या. मग रेणूत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं झाली. झाड तेच; मधली वीसेक वर्षांची मेहनत म्हणजे औषध.

माझा राग उंदरांवरच्या प्रयोगांवर नाहीये. पहिली पायरी चढून "गड सर केला" म्हणून तुतारी फुंकणाऱ्यांवर आहे. तेव्हा पुढच्या वेळी असा मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: किती माणसांवर, कशाच्या तुलनेत, किती वर्षं? उत्तर नसेल तर मेसेज डिलीट करा आणि बाबांची पुढची तपासणी कधी आहे ते बघा.